सुटण्याची तारीख

मिशन दवाखाना, मुलींचे वसतिगृह
३ जुलै १९८७

ती. नाना यांस,
मनकर्णाचा सा. न. वि. वि.

मला नर्सिंगची शिष्यवृत्ती मिळाली. चारही वर्षांची फी, जेवण, गणवेश, सगळं मिशन देणार. आपल्या घरातली पहिली पदवी आता लांब नाही. सोबतच्या कागदावर तुमची सही हवी. महिनाअखेर कागद आला नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. आईला सांगा, धर्माबद्दल कोणी काही विचारलं नाही. सकाळच्या प्रार्थनेला मी नुसती उभी राहते.

तुमची माया अशीच राहो.
मनकर्णा

नेकनूर, १० जुलै

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. सही केली न्हाई. कामाआधी पैसे कोण देतं, हे तुला सांगायला नको. मुकादम हसत उचल देतो, मग आमी दोघं सहा महिने उसाच्या फडात. तुझं मिशन मुकादमापेक्षा लई गोड बोलतंय.

कागदाच्या मागं इंग्रजी हाय. त्याचा तुझ्या पत्रात एक शब्द का न्हाई? शिकलेली पोर बापाला अर्धंच वाचून दाखवती का?

पाऊस न्हाई. ऊस वाळला, यंदा सहकारी कारखाना चालू होतो का न्हाई कोण जाणे. आई खडी फोडायला जाती. ती म्हणती, पोरीच्या गळ्यात क्रूस घालतील. मी म्हणतो, क्रूस दिसतो तरी. न दिसणारं काय घालतील ते बघ.

शहादेव

वसतिगृह, १५ जुलै

ती. नाना यांस सा. न.

तुम्ही बरोबर पकडलंत. पदवीनंतर दोन वर्षं इथंच नोकरी करायची, असं मागे लिहिलंय. कळलं तर सही होणार नाही, म्हणून मी लपवलं. चुकलं माझं.

आज मेट्रनबाईंना सरळ विचारलं, दोनाची तीन वर्षं केलीत तर? त्या रागावल्या नाहीत. दरमहा पगार आणि सुटण्याची तारीख, दोन्ही त्यांनी त्याच कागदाच्या आपल्याकडच्या प्रतीत दाखवलं. एकही शब्द न गाळता मराठी करून पाठवते. नाही म्हणालात तर घरी येईन, रुसणार नाही. थोडी रुसेन.

तुमच्या विश्वासाला पुन्हा पात्र होऊ पाहणारी,
मनकर्णा

नेकनूर, २१ जुलै

चि. मनकर्णास आशीर्वाद.

तुझं मराठी मास्तरांकडून इंग्रजीशी ताडून घेतलं. तुझ्यावर आता तेवढाच भरवसा. जुळलं.

बावीस हंगाम उचल घेतली. मोकळं कधी होणार, ते एकाही मुकादमानं लिहून दिलं न्हाई. इथं तारीख हाय. सही केली.

कागदावर जागा एकाच सहीची होती. पण उचल नवराबायकोच्या जोडीला मिळती, ऊसतोडीत एकट्याचा कोयता कोणी धरत न्हाई. म्हणून शेजारी आईचा अंगठा घेतला. खाली लिहिलंय, मुलीच्यानं पुरं झालं न्हाई तर तिच्या बदली दोन वर्षं आमी दोघं येऊ, फरशी पुसू. ते खोडू नका म्हणावं.

कागदाची नक्कल पाठव. भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय, ३० जून १९९३. त्या दिवशी सकाळीच फाटकापाशी उभा राहीन, सोडतात का बघायला.

आईचा आशीर्वाद हायेच.
नाना