वाचून दाखवलेली पत्रं

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र सोमवारी मिळालं. ‘कोणाकडून तरी वाचून घे’ असं वरच लिहिलंय, पण मी कोणाकडे गेले नाही. माझं मीच वाचलं. हे अक्षरही माझंच आहे. ओळी जरा खाली उतरतात, तेवढं चालवून घ्या.

हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरींवर लाल दोऱ्यानं वॉर्डाचं नाव काढायचं, हे माझं काम. नऊ वर्षं मी ती अक्षरं वेलबुट्टीसारखी काढली. तुमचा भाऊ गेला, संध्याकाळी बोलायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा एकदा शेजारच्या मशीनवरच्या बाईला विचारलं, हे मी रोज काढते ते म्हणतं तरी काय? ती म्हणाली, अगं, बालरुग्ण. चार अक्षरं एकदम पदरात पडली. मग औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या, वाचनालयातली लहान मुलांची पुस्तकं. तिथली बाई विचारायची, नातवंडासाठी का? मी मान हलवायचे. आता जाड कादंबरी आठ दिवसांत संपते. संपली की घर आणखी मोठं वाटतं, ती गोष्ट वेगळी.

तुम्ही लग्नाला आला नाहीत, नंतरही कधी नाही. तो तुमच्या गुडघ्यांचं कारण सांगायचा. पण पत्रं यायची. लिफ्टच्या कामावरून आला की हात धुऊन तो उभ्यानंच वाचून दाखवायचा. तुम्ही माझ्या खोकल्याची चौकशी करायचात. एकदा तर तुम्ही त्याला दटावलंत, की तिच्या हातांना फोड आलेत, धुणं तू धूत जा. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यानंच धुणं धुतलं. मी नको म्हटलं की म्हणायचा, “ताईचा हुकूम आहे, मी कोण मोडणारा?” मला माहेरचं कुणी नव्हतं. कामावरच्या बायका नणंदांच्या नावानं बोटं मोडायच्या, मी तुमचं कौतुक सांगून त्यांना जळवायचे. तो गेला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आलात. मी गळ्यात पडले, तुम्ही अंग चोरलंत. दुःखानं असेल, असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या हत्यारांच्या पेटीत ती पत्रं सापडली. एकोणीस. सगळं पुन्हा भेटणार म्हणून मी हरखून बसले. खोकला कुठेच नव्हता. धुणं कुठेच नव्हतं. ‘अंगठाछाप बाई गळ्यात बांधून घेतलीस. ती आहे तोवर मी तुझ्या दाराशी यायची नाही.’ दोनदा वाचलं. वाटलं, माझंच वाचायला चुकतंय. मग उमगलं. तुमच्या भावाला गोड बोलता यायचं नाही, वन्सं. जे स्वतःच्या तोंडून निघत नव्हतं, ते तो तुमच्या नावावर खपवत होता. त्याच्यावर रागावू की रडू, कळेना. नवरा तर गेलाच होता, त्या दिवशी नणंदही गेली.

आता तुम्ही लिहिता, डोळ्यांचं ऑपरेशन आहे, हॉस्पिटल तुझ्या घराजवळ, महिनाभर राहू का? चार दिवस मी उत्तर दिलं नाही. वाटलं, ती पत्रंच पाकिटात घालून परत पाठवावीत. पण तुम्हाला दिसत नाही, शेजारच्या मास्तरीणबाई तुमचं लिहिणं-वाचणं करतात, तेव्हा तीही त्यांनाच वाचावी लागली असती. ते नको. तुम्ही या. मात्र मी सगळं वाचलंय, हे माहीत असून या. त्यानं रंगवलेल्या नणंदेचं सोंग माझ्यासाठी घेऊ नका. तो लहानपणी कसा होता हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मला ते ऐकायचंय. एवढं ऐकूनही यावंसं वाटलं तर बुधवारी सकाळच्या बसनं निघा. मी स्टँडवर उभी असेन. मास्तरीणबाई, आपली ओळख नाही, पण एक विनंती. वन्संना लागेल म्हणून यातलं काही गाळू नका, गोड करू नका. लिहिलंय तसं वाचा.

तुमचीच,
भावजय