तीन मिनिटांत बसवलेलं गाणं

१२ फेब्रु. ९६, सातारा
ज्या गाण्यावर लोक वरातीत नाचतात, ते कुणाच्या तरी मरणाचं आहे हे त्यांना सांगावं का? रहिमतपूरहून आल्यापासून हाच प्रश्न.

सांगलीच्या कॅसेटवाल्या शेठनी मला गायला घेतलं, पहिलंच गाणं हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मूळ तबकडी ज्यांच्या आवाजात होती त्या हौसाबाई अजून आहेत असं कळलं, म्हणून शब्द विचारायला रहिमतपूरला गेले. म्हणाल्या, "वरातीतलं व्हय? त्ये माझं न्हाई." मग गायल्या. इतकं संथ, की ओळखूच येईना.

सारी फौज आली गावा, दादा न्हाई आला.

त्यांचा भाऊ लामावर, म्हणजे लढाईवर गेला, परत आलाच नाही. "तबकडीत तीनच मिन्टं मावायची. तबकडीवाला सायब म्हनला, पळवा. पळवलं. लय खपलं." पुढच्या गाणाऱ्यांनी 'दादा'चा 'राजा', म्हणजे प्रियकर केला. सगळ्यांनी पळतीच चाल उचलली.

१३ फेब्रु.
आण्णांना सांगितलं. वडील वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर तीस वर्षं हेच वाजवतायत. "पोरं 'न्हाई आला' म्हणून वरडत्यात, नोटा उडवत्यात गं..." जेवताना म्हणाले, "पर तू गा. कॅसेटवर तुझं नाव येऊ दे." त्यांचं आळीत सगळ्यांना सांगून झालंय. मी बी.ए. झाले तेव्हासुद्धा एवढे फिरले नव्हते.

२० फेब्रु., सांगली
गाणं संथच गाणार म्हटलं, त्यावरून शेठशी वाद. "ताई, लग्नसराई तोंडावर आहे. रडायला कोण कॅसेट घेतंय?" मी हटले नाही. शेवटी हसले. "बरं, गा बाई तुझ्या मनासारखं."
इतक्या सहज?

२२ फेब्रु.
गायले. संथ. राजा नाही, दादाच. ढोलकीवाले जगूकाका घाम पुसत म्हणाले, "पोरी, पळवायला काय न्हाई लागत. हात धरून ठेवायला ताकद लागती."

येताना रहिमतपूरला उतरले. हौसाबाईंना म्हटलं, आत्ता गाऊन दाखवते. त्या उखडल्या. "हितं गाऊन काय उपेग? त्ये पळतं जितं वाजतंय, तितं ह्ये संथ वाजू दे. आन् बिगी बिगी कर बाई, कान चाललं माझं." तिथंच वाजेल, असं कबूल केलं.

२९ फेब्रु., सांगली
शेठनी माझ्या गाण्याच्या टेपचं स्पूल लावलं. माझाच आवाज, पण मशीनवर पळवलेला. चिरका, उंदरासारखा. खाली दुसऱ्या यंत्रावर डिस्कोचा ठेका.
"गोड लागतोय की नाही?"
माझं मूळ द्या म्हटलं. म्हणाले, स्पूल एकच, सगळ्या कॅसेटी त्याच्यावरूनच निघणार. मग काढूच नका म्हटलं. "असं कसं? तुमचे आण्णा काल पेढे देऊन गेले."
पेढ्यांचं मला माहीत नव्हतं.

१ मार्च, सातारा
दोन वेळा हे सांगायला गेले. दोन्ही वेळा आण्णांच्या तोंडाकडे बघून मागे फिरले. आईच म्हणाली, "गप का गं? गानाऱ्या बाईनं एवढं गप ऱ्हाऊ ने."
हौसाबाईंचं गाणं पळवलं ते साहेबानं. आता पळेल ते माझ्या तोंडून, माझ्या नावावर. मी कबूल केलं होतं त्यांना.

२ मार्च, सातारा
सकाळी सांगलीला गेले होते. दुपारी शेठ जेवायला घरी गेले. स्टुडिओत मी एकटीच. माईक बंद ठेवला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि माझं स्पूल शेवटपर्यंत फिरू दिलं. नंतर ऐकून पाहिलं. नुसती खरखर.

जगूकाकांची ढोलकीही गेली. त्यांना विचारलं नव्हतं. शेठ दुसरी मुलगी आणतील, आठवड्यात पळतं गाणं बाजारात येईल. म्हणजे मी अडवलं काय? फक्त माझा आवाज. कधीतरी कुणी ऐकला असता तो संथ आवाजही त्यातच गेला.

रहिमतपूर आलं तेव्हा खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

आण्णा दारातच बसले होते. "झालं का काम?"
"झालं," म्हटलं.