शिट्टीनंतरची गोळी

कट्टा, ता. मालवण
शुक्रवार, डिसेंबर १९६३

प्रिय परशुराम,

नात्याने तू माझ्या बहिणीचा, मथुरेचा नवरा. रीतीप्रमाणे मी तुला भावोजी आणि तुम्ही म्हणायला हवं. पण ज्याच्या पाटीवरून बेरजा उतरवून मी चौथी पास झालो, त्याला एकदम अहो-जाहो करणं मला लग्नाच्या मांडवातही जमलं नव्हतं, आणि आज तर मुळीच जमायचं नाही. माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पण हे पत्र तसंच चुलीत घालू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग पाहिजे तर घाल.

सोमवारी रत्नागिरीला नेमबाजी स्पर्धेच्या समितीपुढे तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे. तुला बोलावणं आलंय तसं पंच म्हणून मलाही आलंय. इकडे माझे काय हाल चाललेत ते मथुरेने तुला सांगितलं नसेल, कारण तिने माझ्याशी बोलणंच टाकलंय. वाडीत कोणी माझ्या सावलीला उभा राहत नाही. बाबली न्हाव्याकडे गेलो तर म्हणतो वस्तऱ्याला धार नाही. सबंध जन्मात त्याच्या वस्तऱ्याला धार नव्हती, पण ते त्याने मला आत्ताच सांगितलं. माझी बायको यशोदा विहिरीवर गेली की बाकीच्या बायकांना अचानक घरची कामं आठवतात. शाळेत मी ड्रिलला शिट्टी फुंकली की पोरं तोंडावर हात धरून हसतात. वेंगुर्ल्याच्या होमगार्डाने कप जिंकावा म्हणून तिकडच्या लोकांनी मला काजूची दारू पाजली, असंही एक बोललं जातंय. मी नौदलात बारा बंदरं फिरून कधी थेंब तोंडाला लावला नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? पण तू गप्प आहेस, आणि मला राग आहे तो त्याचाच.

त्या दिवशीचं पुन्हा एकदा सांगतो. चिऱ्याच्या जुन्या खाणीत आपण निशाणं लावली होती. झेंडा खाली आला की गोळीबार सुरू, शिट्टी वाजली की बंद, दहा सेकंदांत पाच गोळ्या. हे मी सगळ्या नेमबाजांना समोर उभं करून सांगितलं होतं. झेंडा पडला आणि तू सगळ्यांच्या आधी सुरू झालास. तुझा हात असा स्थिर होता की मी पंच असूनही मनातल्या मनात वाहवा केली. चार गोळ्या काळ्या गोलात. मग मी शिट्टी दिली. बाकीच्यांचे हात खाली गेले. तुझा गेला नाही. तू श्वास धरलास, नेम घेतलास आणि पाचवी गोळी झाडलीस. नियमाप्रमाणे ती गोळी बाद, आणि दंड म्हणून त्या फेरीतल्या सगळ्यात चांगल्या गोळीचे गुण वजा. कप तिथेच गेला. तू पिस्तूल टेबलावर आपटून ओरडलास, “शिट्टी वाजलीच नाय!” सगळी खाण घुमली. तुझ्या बाजूने आलेल्या लोकांनी तेच उचललं. कोण म्हणे शिट्टी आणि गोळी एकदमच झाली, कोण म्हणे मेव्हण्याचं चांगलं मेव्हण्यालाच बघवलं नाही.

एक गोष्ट मी त्या दिवशी कोणाला सांगितली नाही. शिट्टी ऐकून निशाणांवर कागद चिकटवणारा गंगाराम आडोशाबाहेर आला होता. तुझी गोळी चिऱ्यावर आपटून त्याच्या कानाजवळून गेली. त्याच्या गालावर चिऱ्याचा कपचा लागून रक्त आलं होतं. मी धावत गेलो तर तो उलट माझीच समजूत काढायला लागला. “माजीच चूक, मास्तर. मीच घाईत भायर इलंय.” त्याने गाल पुसला आणि पुन्हा खळ लावायला बसला. परशुराम, तो घाईत आला नव्हता. तो शिट्टीवर आला होता. त्याच्या घरी चार पोरं आहेत. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

मग तुझ्या वाडीने सातेरीला कौल लावला. मीही गेलो होतो, लपूनछपून नव्हे, चांगला समोर उभा होतो. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवी सातेरी, परशुरामाच्या मनात लबाडी नसात तर उजवो कौल दी.” सगळे ओरडले, “होय म्हाराजा!” उजवीकडची पाकळी टपकन पडली. लोकांनी जल्लोष केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी देवीचाच नारळ चोरला. मथुरा पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “दादा, तुका माजो घोव मोठो की ती शिट्टी मोठी?” देवी खोटं बोलली असं मी म्हणत नाही. तुझ्या मनात लबाडी नव्हतीच. मी तुला तुझ्या आईइतकाच ओळखतो. पण शिट्टी वाजली की नाही हे तिला कोणी विचारलंच नाही. गावाने एक विचारलं आणि दुसरंच घेऊन घरी गेलं. आता म्हणतात, येत्या जत्रेत देवीपुढे नारळ ठेव आणि चुकलो म्हण, नाहीतर पालखीला खांदा द्यायला येऊ नकोस.

आता माझी गत बघ. भरती ओसरल्यावर खडकातल्या पाण्यात मासा राहून जातो ना, तशी झालीय. सोमवारी मी म्हटलं, माझी चूक झाली, तर दंड उठेल, कप तुला मिळेल, गाव मला पंक्तीला घेईल, मथुरा माझ्या घरी येईल. आणि तू पुण्याच्या स्पर्धेला जाशील, आणि तिथेही कोणी गंगाराम शिट्टीवर बाहेर येईल. मी म्हटलं, दंड बरोबर होता, तर ते विचारणार, परशुराम हवालदाराने मुद्दाम गोळी मारली का? हो म्हटलं तर तू लबाड ठरतोस, पोलिसातल्या नोकरीच्या कागदावर शेरा बसतो. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच आहे, मग का मारली? त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि तेच मला त्या खोलीत द्यायचं नाही.

तुला आठवतं, गणपतीत आपण देवबागला होडीतून चाललो होतो? शीड फिरवताना नावाडी ओरडला, “खाली वाक रे!” आम्ही सगळे वाकलो आणि तू तसाच बसून राहिलास. शिडाचा बांबू तुझ्या कपाळावर बसला. बाकीचे पोट धरून हसले, तूही हसलास. मला मात्र हसू आलं नाही. त्याआधी तू भजनात पखवाज वाजवणं सोडलंस. म्हणालास ड्यूटीमुळे वेळ नाही. पण शेवटच्या भजनात बुवांनी ताल बदलला आणि तू जुन्याच तालात वाजवत राहिलास, ते मी बघितलं होतं. आणि मथुरा दिवाळीत माझ्याजवळ रडली. म्हणाली, हल्ली मी काही बोलले की ते तोंड फिरवून बसतात, त्यांना माझा कंटाळा आलाय. मी तिला उगी राहा म्हटलं.

गेल्या रविवारी मी तुझ्याकडे मालवणला आलो होतो. पोलीस लायनीत तुझ्या दाराशी उभा राहून तुला हाक मारली. तू पाठमोरा बसून पिस्तूल पुसत होतास. मी पुन्हा हाक मारली. मग पलीकडच्या खोलीतून जमादार बाहेर आला, आणखी दोघे आले, तू मात्र वळला नाहीस. त्यांना वाटलं तू रागाने वळत नाहीस. मी परत फिरलो.

परशुराम, तुला ऐकू येत नाही. नौदलात तोफेवरच्या माझ्या सोबत्यांचे कान असेच गेले. आधी बारीक आवाज जातात, शिट्टी, पाखरं, बायकांचं बोलणं. जाडे आवाज बरेच दिवस ऐकू येत राहतात, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही, आणि मग तेही विरत जातात. तुझं काही चुकलं नाही. वीस वर्षं सरकारची पिस्तुलं झाडलीस त्याचं हे फळ आहे. हे पत्र हाती पडताच तक्रार मागे घेत असल्याची समितीला तार कर, म्हणजे मला कोणी काही विचारणार नाही. रजा काढून मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे जा, मी सोबत येतो. साहेबांकडे तू स्वतः जाऊन शस्त्रांच्या कोठारातलं काम माग. स्वतः मागितलंस तर देतील, पकडला गेलास तर घरी पाठवतील. मथुरेला तुझा कंटाळा नाही, तुलाही तिचा नाही, एवढं तरी तिला सांग. सोमवारपर्यंत तू काही केलं नाहीस तर मात्र मी त्या खोलीत खरं ते बोलेन, आणि मग तू मला जन्मभर क्षमा करणार नाहीस, हे धरून चाललोय. गावाने मला वाळीत टाकलंय तर टाकू दे. हे सगळं तुझ्याजवळ बसून, खांद्यावर हात ठेवून सांगायला हवं होतं. पण तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं असतं, तर सगळ्या पोलीस लायनीने ते तुझ्याआधी ऐकलं असतं. म्हणून लिहितोय.

तुझाच,
गुरुदास