पोस्टरसमोरची बोहनी

हिरकणी मावशी,

हे पत्र तुला पाठवणार नाही. भाची शास्त्रज्ञ झाली, असं तू अख्ख्या धाकटी डहाणूत सांगून बसलीयस.

परिषदेत बोंबलांवरच्या माझ्या संशोधनाचं पोस्टर लावून सकाळपासून उभी आहे. कोणी थांबेना. मघाशी एक मोठ्या मॅडम आल्या, सगळं वाचलं आणि म्हणाल्या, “माझ्या लॅबमध्ये काम करशील?”

मला नाचावंसं वाटलं. पण तोंडातून निघालं, “बघते,” आणि मी मान फिरवली. बाजारात गिऱ्हाईकाचा पहिला भाव ऐकला की तू मासळीच्या टोपलीवर फडकं ओढून दुसरीकडे बघतेस ना, अगदी तसंच. तुझं गिऱ्हाईक दोन पावलं जाऊन परत वळतं. मॅडम “बरं” म्हणाल्या आणि गेल्या त्या गेल्याच. आता चहाच्या टेबलाशी दुसऱ्याच मुलाशी हसून बोलतायत.

जाऊन हाक मारू? की त्यानं माझाच भाव पडेल?

पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही, हे तूच शिकवलंस. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हेही तूच. दोन्ही एकाच बाईच्या रूपानं समोर आली तर काय करायचं, ते मात्र कधी बोलली नाहीस गं.

अजून पोस्टरपाशीच उभी असलेली,
तुझी क्रांती