गवतातल्या आंब्यांचा प्रोग्रॅम

आई, ऑफिसातलं सगळं काम आता कॉम्प्युटरच्या एका नव्या भाषेत करायचं आहे. शिकणार का, असं साहेबांनी विचारलंय. नाहीतर देखरेखीचं सोपं काम आहेच. चाळिशी कधीच उलटली, आणि पुन्हा पहिल्यापासून. अजून उत्तर दिलेलं नाही. सारखे आपल्या पावस गावच्या घरातले आंब्याचे दिवस आठवताहेत.

रत्नागिरीच्या कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर आला होता. शिकवणारं कुणी नाही. लायब्ररीतलं एक इंग्रजी पुस्तक आणि शनिवारी अर्धा तास मशीन, एवढंच. मार्कांवरून पास झालेल्या मुलांची नावं छापणारा माझा प्रोग्रॅम मध्येच अडकला आणि हलेचना. सर म्हणाले, "पुढच्या शनिवारी चालला नाही, तर तुझी वेळ दुसऱ्याला." घरी आले तर तू पडवीत गवतातल्या अढीतून पिकलेले आंबे निवडत बसलेली.

"काय गो, तोंड का पाडलंस?"

"तुला नाही कळायचं."

"नको कळू दे. मी तुझं यंत्र. सांगशील तेवढंच करीन, डोकं चालवणार नाही."

मी चिडून सांगते: आंबा उचल, हुंग, पिकला असेल तर टोपलीत टाकून पुढचा घे, नसेल तर परत गवतात ठेव. तू एक उचलतेस, हुंगतेस, कच्चा म्हणून ठेवतेस आणि पुन्हा तोच उचलतेस. पुन्हा तोच. चेहरा अगदी गंभीर.

"आई, पुढचा घे ना."

"कच्चा निघाल्यावर पुढचा घे, असं म्हणालीस कुठे? मी आपली संध्याकाळपर्यंत हाच हुंगत बसेन. बाकीचे नासले तर मला बोलायचं नाही हो."

हसता हसता मी थांबले. माझा प्रोग्रॅमही पहिल्याच नापास मुलापाशी अडून बसला होता. तिथून पुढे जायला मी त्याला सांगितलंच नव्हतं.

शनिवारी तो चालला. पुढची सगळी वर्षं मी अशीच शिकले. समोर सांगितलं तेवढंच करणारं कुणीतरी बसलंय असं धरायचं आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायची. पुस्तकं बदलली, मशीनं बदलली, तू गेलीस, तरी सवय राहिली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून मनातलं लिहिते. सगळ्यांना मी वयाचं कारण सांगतेय. खरं म्हणजे मला माझ्या मुलांच्या वयाच्या पोरांसमोर चुकायची लाज वाटते. तुझ्यासमोर कधी वाटली नव्हती. उद्या साहेबांना हो सांगणार आहे. लाज वाटेल काही दिवस, वाटू दे.