बांधलेला भाव

सानपाडा,
२३ ऑगस्ट १९९८

ती. अक्कास,
मधुकरचा शि. सा. न. वि. वि.

गंगाराम परवा कराडहून आला, तुझी शेंगदाण्याची चटणी देऊन गेला. ईश्वरीने अर्धा डबा चपातीशिवायच संपवला आणि मीनाने तो उरलेला अर्धा फडताळात लपवला. तेव्हा पुढच्या खेपेला डबे दोन पाठव.

माझ्याकडची बातमी चांगली आहे. गेल्या वर्षी डिझेल अचानक चढलं तेव्हा आमच्या परिवहनखात्याचं कंबरडं मोडलं होतं, ते तुला ठाऊक आहे. टायरांचे पैसे डिझेलमध्ये गेले, ड्रायव्हरांचे पगार रखडले. वाहनांचा अभियंता म्हणून शिव्या मी खाल्ल्या. म्हणून यंदा मी एक प्रस्ताव मांडला. एका पुरवठादाराशी दोन वर्षांचा करार. भाव एकच, बांधलेला, आजच्यापेक्षा थोडा जास्त. बाजार चढला तर फटका त्याला, उतरला तर आम्हाला. पण अंदाजपत्रकात जो आकडा लिहू तो वर्षाखेर तोच राहील, अधेमधे बस बंद करायची पाळी येणार नाही.

समितीत चारजणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा आपले धाकटे नगरसेवक उभे राहिले. यशराजने सांगितलं की दादा घर चालवावं तसं खातं चालवतो, आणि पहिला हात त्याने वर केला. मग बाकीचे झाले. घरी येऊन त्याने मीनाकडून पुरणपोळी वसूल केली. तू असतीस तर दोघांची दृष्ट काढली असतीस.

गुडघ्याला तेल लावत जा. तुझी माया आम्हाला पुरून उरते, ती तशीच राहो.

तुझा,
मधू

•

कराड,
९ मार्च १९९९

चि. मधूस,
अक्काचे अ. आ.

आपल्या खानावळीत जेवायला येणारी कॉलेजची पोरं पेपर वाचत होती. त्यात तुझ्या खात्याचं आलंय. डिझेल सगळीकडं उतरलं आणि तुमच्या गाड्या मात्र महाग भावानं पळत्यात, लोकांचा पैसा जातोय, असं छापलंय. कुणी साहेबानं पुरवठादाराकडून मलिदा खाल्ला म्हणे. नाव नाही, पण आपल्या गल्लीला नाव लागतंय कशाला? शेजारची जयमाला मुद्दाम साखर मागायला आली आणि तासभर बसली.

काल यशराजचा फोन आला. फार घाबरलाय. पुढच्या वर्षी निवडणूक, विरोधकांनी त्याला धरलंय. माथाडी मंडळींनी विश्वासानं निवडून दिलं, आता तेच विचारायला लागलेत. दादाच्या शब्दावर हात वर केला असं म्हणाला आणि रडला. मधू, शिकलासवरलेला तू, असला सट्टा खेळायला कुणी सांगितलं होतं?

झालं ते झालं. पण एवढं ऐक, कुठं बोलायची वेळ आली तर त्याचं नाव घेऊ नको. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, माझ्या कडेवरच वाढला. तुला नोकरी आहे. त्याला लोकांच्या मतांवर जगायचंय.

मीनाला सांग, जिवाला लावून घेऊ नको. माझा हात तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावर आहे.

अक्का

•

सानपाडा,
१८ एप्रिल १९९९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नोकरी आहे असं तू लिहिलंस. ती परवा गेली. म्हणजे निलंबन, चौकशी होईपर्यंत. ईश्वरीला अजून सांगितलेलं नाही, रजा आहे म्हणतो. सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि स्टेशनच्या बाकावर बसून खातो.

पालिकेच्या सभेत मी अधिकाऱ्यांच्या रांगेत होतो. यशराज उठला. अधिकाऱ्यांनी सदस्यांची दिशाभूल केली, आम्ही साधी माणसं, करारातल्या खाचाखोचा आम्हाला काय कळणार, दोषी कुणीही असो, माझा सख्खा भाऊ असला तरी, त्याची चौकशी झालीच पाहिजे, असं तो म्हणाला. सख्खा भाऊ म्हणताच बाकं वाजली. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्या खाचाखोचा माझ्याच घरी, जेवणाच्या ताटावर मी त्याला दोनदा समजावल्या होत्या.

सट्ट्याचं म्हणशील, तर अक्का, भाव मोकळा सोडणं हा सट्टा. मी तो बंद केला. तू दर हंगामाला पोपटशेठच्या घाण्यावर वर्षाच्या तेलाचा भाव ठरवून येतेस. एके साली संक्रांतीनंतर तेल उतरलं तेव्हा मी तुला चिडवलं होतं. तू म्हणालीस, उतरलं तर उतरलं, वर्षभर पोरांच्या ताटात काय वाढू ही चिंता तर नव्हती. मी याहून वेगळं काय केलं? तू केलंस तो शहाणपणा आणि मी केला तो सट्टा?

तुझा शब्द मोडणार नाही. पेपरवाले दोनदा येऊन गेले, मी तोंड उघडलेलं नाही. मीना मात्र आता यशराजचं नाव घरात काढू देत नाही.

तुझी माया कमी पडू देऊ नकोस.

मधू

•

घणसोली गाव,
२ जुलै १९९९

प्रिय दादास,
यशराजचा सा. न.

फोन उचलत नाहीस, वहिनी दार उघडत नाहीत, म्हणून लिहितोय. रागावलायस, समजू शकतो. पण पॉलिटिक्स वेगळं आणि घर वेगळं. तेव्हा मी बोललो नसतो तर दोघंही गेलो असतो. आता निदान एकजण आत आहे, तो दुसऱ्याला सोडवेल.

वरपर्यंत बोलणं झालंय. करार काल रद्द केला, पब्लिक खूष. तू फक्त चार ओळी लिहून दे, की अंदाज चुकला, यापुढे काळजी घेईन. महिन्यात कामावर घेतो. कुणी लक्षातही ठेवणार नाही. फुकटचं टेन्शन घेऊ नकोस, ईश्वरीच्या शाळेचं बघ.

दादा, तुझ्याशिवाय मला आहे कोण? राग सोड.

तुझाच,
यशराज

•

सानपाडा,
१६ नोव्हेंबर १९९९

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही, क्षमा कर. तू दोन पाट मांडले असतेस आणि दुसऱ्या पाटावर तो असता.

यशराजने मागितलेल्या चार ओळी मी दिल्या नाहीत. मी अंदाज केलाच नव्हता, तर तो चुकला असं कसं लिहू? म्हणून अजून घरीच आहे. मीना शिकवण्या घेते.

गेल्या महिन्यात डिझेल एका फटक्यात तिसऱ्या हिश्शाने चढलं. करार असता तर खात्याला त्याची झळ लागली नसती. आता पैसे नाहीत म्हणून फेऱ्या तोडल्या, आणि पहिल्या तोडल्या त्या गावाकडच्या. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या जाईबाई तळवलीच्या. त्यांची पहाटेची बस गेली. हमरस्त्यापर्यंत अंधारात चालत येताना त्यांना ट्रकने उडवलं. जीव वाचला, पाय गेला. मी इस्पितळात गेलो तर त्याच मला म्हणाल्या, साहेब, तुमची नोकरी लागली का.

तोडलेल्या फेऱ्यांविरुद्ध परवा मोर्चा निघाला. पुढे यशराज होता. जाईबाईंच्या मुलाला त्याने शेजारी उभं केलं होतं.

हे सोसायला तुझ्या आशीर्वादाचं बळ लागेल.

मधू

•

कराड,
२० फेब्रुवारी २०००

चि. मधूस,
अ. आ.

देव पावला! तुझ्यावर ठपका नाही, कामावर घेतलं, हे यशराजनं फोन करून सांगितलं. मी लगेच पेढे वाटले. जयमालेला दोन दिले.

करार राहिला असता तर पालिकेचा फायदाच झाला असता, असं चौकशीवाल्या साहेब लोकांनी लिहिलंय म्हणे. म्हणजे तुझंच खरं ठरलं. यशराज घणसोलीत तुझा सत्कार करतोय. जाहीर सभेत सांगणार आहे, की पुढचा भाव ओळखणारा माझा भाऊ. मधू, जा. शाल घे. गुडघ्यामुळं मला यायला जमणार नाही, पण तुम्ही दोघं एका मंचावर बसलात की माझं सगळं भरून पावलं.

नाही म्हणू नको.

अक्का

•

सानपाडा,
१२ मार्च २०००

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून गेलो. मीना आली नाही.

मैदान भरलं होतं. यशराजने शाल घातली आणि माईक माझ्या हातात दिला. मी सांगितलं की मला भाव ओळखता येत नाही, म्हणूनच तो बांधून घेतला होता. डिझेल आणखी उतरलं असतं तरी करार बरोबरच होता. तो रद्द झाला म्हणून तळवलीची बस बंद झाली आणि जाईबाईंचा पाय गेला. रद्द करा म्हणून ओरडणाऱ्यांत पहिला हात वर करणारा माझा भाऊ होता, आणि त्याला सगळं कळत होतं.

मला वाटलं, आता दगड येतील. अक्का, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, केवढा विनयी माणूस, श्रेय घेत नाही. जाईबाईंचं नाव काढलं तेव्हा तर घोषणा झाल्या, यशराजच्या नावाच्या. त्याने मला मिठी मारली, फोटो निघाला. मिठीत तो हळूच म्हणाला की दादा, मस्त बोललास.

सोमवारी समितीत मी नवा प्रस्ताव ठेवला, तसाच, बांधलेल्या भावाचा. अध्यक्ष म्हणाले, आता चढलाय तर उतरेल, कशाला बांधायचा? तुम्ही जाणकार, चढायच्या आधी फक्त आम्हाला सांगा. सगळे हसले. हात एकही वर झाला नाही. यशराज खिडकीबाहेर बघत होता.

नोकरी करीन. इथल्या बसही चालवीन, जेवढ्या चालतील तेवढ्या. पण यापुढे त्याच्या शेजारी मला बसवू नकोस. आणि एक सांगतो, राग मानू नकोस. या दीड वर्षात तू यशराजला सगळं विचारलंस, मला फक्त समजावत राहिलीस. खरं काय झालं, हे मधूला एकदाही विचारलं नाहीस.

आता विचारू नकोस. पेपरात फोटो छान आलाय, तो खानावळीत लाव.

तुझा,
मधुकर