पिंपाखालचा बंगला

१२ एप्रिल १९८७
खाणीच्या साहेबाचा बंगला आजपासून माझा. खरी किंमत: दोन म्हशी, माझ्या बायकोच्या, झुंबरच्या, पाटल्या आणि तिचं माझ्याशी बोलणं. म्हशी परत घेता येतील. धरणाला दगड पुरवून झाले, खाण बंद पडली, कॉलनी लिलावात निघाली. याच फाटकासमोर मी दगड फोडायचो. आज दोन ट्रकांचा मालक. मुंबईच्या आर्किटेक्टनं छपरं आडव्या अर्ध्या पिंपासारखी गोल केलीत. मॉडर्न! गावातल्या घराला मातीचं सपाट धाबं. उन्हाळ्यात सगळं गाव आपापल्या धाब्यावर झोपतं. मी मात्र ती धाब्याची शिडी आता जन्मात चढणार नाही. लिहून ठेवतो.

२० एप्रिल
सामान आलं. आई आली. झुंबर आठ दिवसांनी बोलली: "हाई घर शे का पिंप? पापड कोठे वाळाडू, तुम्हना टकलावर?" बोलली, हे महत्त्वाचं.

२३ एप्रिल, दुपार
प्रयोग. छपरावर गोणपाट बांधून कुरडया पसरल्या. प्रयोग तत्त्वतः यशस्वी. कुरडया घसरून खाली शेळीसमोर.

१ मे
पुण्याचे प्राध्यापक, बारा विद्यार्थी, सहा कॅमेरे. म्हणाले, हे छप्पर म्हणजे कविता. झुंबरला ऐकू जावं म्हणून दोनदा म्हणायला लावलं. चहा मात्र सगळ्यांनी बाहेर कडुनिंबाखाली घेतला. पुण्याची माणसं, नाजूक.

६ मे
पारा पंचेचाळीस. आत भाकरी तव्याशिवाय भाजेल. झुंबर उडदाचं पीठ, पोळपाट आणि माझी आई घेऊन गावात परत. मी म्हणालो, चार दिवसांत येशील. ती म्हणाली, "तुम्हनी खाट धाबावर टाकी ठेवसू."  

१० मे
चार दिवस झाले. आली नाही. माणसाला नव्या घराची सवय व्हायला वेळ लागतो. निर्धार: छपरावर सपाट फळ्यांचा माळा ठोकायचा, झोपायला आणि पापडाला. निंबा सुताराला बोलावलं. त्यानं वर बघितलं. म्हणाला, "नाना, यानापेक्षा उंटना पाठवर खाट टाका." दुसरा सुतार बघतो.

११ मे, संध्याकाळ
आईला भेटायला गावात आलो. फक्त भेटायला. वही आणि उशी सोबत आणली आहे.

१२ मे, सकाळ
धाब्याच्या शिडीची तिसरी पायरी मोडकी आहे.